चौऱ्याऐंशी सह्या

तिला सगळे कात्री म्हणायचे. तोंडावर 'सिस्टर', पाठीमागे कात्री. खिशात पट्ट्या कापायची कात्री असते म्हणून हे नाव पडलं, असं नव्या मुलींना सांगितलं जाई आणि पहिला दिवसभर त्या त्यावर विश्वासही ठेवत. दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हर सुरू होई, म्हणजे जाणारी पाळी येणाऱ्या पाळीला एकेका पेशंटची माहिती देई, तेव्हा एखादी म्हणे, "पाच नंबर स्टेबल आहे." कात्री विचारी, "स्टेबल म्हणजे काय? टेबल आहे का तो?" मग नावाचं खरं कारण कळे.

एकतीस वर्षं ती त्या हॉस्पिटलात होती. त्यातली एकोणीस तिसऱ्या मजल्यावरच्या सर्जिकल वॉर्डात, ऑपरेशन झालेल्या पुरुषांच्या. बत्तीस खाटा, दोन बाथरूम, त्यातल्या एकावर 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी, जी वाऱ्यानं पडली की कात्री स्वतःच उचलून लावायची, कारण दुरुस्ती कधी झालीच नव्हती. ती वॉर्डाची इन्चार्ज होती आणि नव्यानं पास होऊन आलेल्या नर्सेसना हातात घेऊन तयार करणं हे कागदोपत्री तिचं काम नसतानाही तिच्याच गळ्यात पडत आलं होतं.

तिला स्वतःला शिकवलं ते एका म्हाताऱ्या इन्चार्जबाईंनी. शिकवलं म्हणजे काय, तर चिमट्याच्या मागच्या टोकानं बोटांवर मारलं. काय चुकलं ते सांगायची त्या बाईंची पद्धत नव्हती. मार बसला म्हणजे चुकलं, नाही बसला म्हणजे बरोबर. कात्री अशीच शिकली, आणि बरीच वर्षं तिला वाटत होतं की शिकायची हीच एक रीत आहे. फरक इतकाच की ती चिमटा वापरत नसे. जिभेनं भागत असे.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती, लांब हातांची, घाबरट. सलाईनची सुई लावताना तिसऱ्यांदाही शीर सापडेना, तेव्हा कात्री पेशंटच्या भावासमोर, बायकोसमोर म्हणाली, "तुझ्या हातात पाण्याचा ग्लास द्यायचीसुद्धा मला भीती वाटते." मुलीनं सुई ट्रेमध्ये ठेवली. बाथरूमला गेली, परत आली, गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि जिना उतरून गेली ती गेलीच.

त्या संध्याकाळी कात्रीनं नवऱ्याला सांगितलं, "गेली ते बरंच झालं. नाहीतर कुणाला तरी मारलं असतं तिनं."

नवरा गाडी शिकवायच्या शाळेत शिक्षक होता. सत्तावीस वर्षं तो घाबरलेल्या माणसांच्या शेजारी बसून रस्त्यावरून फिरत होता आणि घरी मुद्दाम पायी चालायचा. तो म्हणाला, "माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, म्हणून मी ओरडत नाही. तुझ्या वॉर्डात दुसरा ब्रेक कुठे असतो?"

"हॉस्पिटल म्हणजे काय तुझी खटारा गाडी आहे का," असं म्हणून ती उठून गेली.

ती मुलगी तिला पुन्हा दिसली, बुटांच्या दुकानात. कात्रीचे ड्युटीचे बूट फाटले होते. समोर गुडघे टेकून पायाचं माप घ्यायला आली ती तीच, लांब हातांची. दोघींनी एकमेकींना ओळखलं आणि दोघीही ओळख न दाखवता मापाच्या पट्टीकडे बघत राहिल्या. मुलीनं तिचा डावा पाय पट्टीवर ठेवला, मग थांबली. घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला, उचलला, पुन्हा बघितलं.

"सिस्टर, सूज आहे. दाबलं की खळगा पडतोय. उजव्याला नाही एवढा. कधीपासून आहे?"

"असेल. दिवसभर उभं असतो आपण," कात्री म्हणाली.

"दाखवून घ्या. नवीन गोळी सुरू केलीय का एखादी?"

केली होती. रक्तदाबाची गोळी महिन्यापूर्वी बदलली होती. डॉक्टरनं पाय पाहिले, गोळी पुन्हा बदलली, आठवड्यात सूज उतरली. कात्री घरी येऊन बराच वेळ नवे बूट मांडीवर घेऊन बसली होती. एकोणीस वर्षं ती लोकांना सांगत होती की बघायला शिका, हात लावायला शिका. आणि जिला बघता येत होतं, तिला तिनं बुटांच्या खोक्यांत पाठवून दिलं होतं. शिरा काय, पन्नास हुकल्यावर सापडायला लागतात, तिच्याही तशाच सापडल्या होत्या. त्या दिवसानंतर ती पेशंटसमोर कुणाला बोलली नाही. बोलायचं असलं की मुलीला बेडपॅन धुवायच्या खोलीत नेई आणि नळ सोडून बोले. जीभ तीच होती, श्रोते तेवढे कमी झाले.

हे सगळं चालू असताना हॉस्पिटलच्या वरच्या मंडळींना साक्षात्कार झाला होता की नव्या नर्सेसना नीट प्रशिक्षण मिळत नाही. आता प्रशिक्षण मिळत नाही याचं कारण वॉर्डात माणसं नाहीत, हे झाडूवाल्यापासून सगळ्यांना माहीत होतं. पण माणसं भरायची तर पगार द्यावा लागतो. त्याऐवजी त्यांनी एक प्रशिक्षण अधिकारी भरला.

हा गृहस्थ आधी एका मोठ्या हॉटेलात स्वागतकक्षाच्या लोकांना हसायला शिकवायचा. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव पडलं हसरे साहेब. निळा कोट, चकचकीत बूट, आणि वाईट बातमी ऐकतानाही दिसणारे वरचे आठ दात. त्यानं आयुष्यात कुणाच्या अंगाखालची ओली चादर बदलली नव्हती, पण ती बदलताना चेहऱ्यावर काय भाव असावेत यावर त्याच्याकडे चौदा स्लाइड होत्या.

त्या वर्षी अकरा मुली आल्या. तळघरातल्या सभागृहात तीन दिवस त्यांचं ओरिएंटेशन झालं. पहिला दिवस संस्थेच्या पाच मूल्यांचा. पाचही मूल्यांची पहिली अक्षरं जुळवली की एक शब्द होत होता, आणि तो शब्द जुळावा म्हणून एक मूल्य ओढून-ताणून आणलेलं आहे हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी तीन रिंगच्या आत फोन कसा उचलायचा ते झालं. मग आग विझवण्याची फिल्म. तिचा आवाज लागला नाही, त्यामुळे एक माणूस तोंडाची नुसती उघडझाप करत लाल सिलिंडर दाखवत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी फुगे हवेत तरंगत ठेवायचा खेळ, म्हणे सजगतेसाठी, आणि मग विश्वासाचा खेळ. डोळे मिटून मागे पडायचं आणि मागच्यांनी झेलायचं.

वॉर्ड इन्चार्जना शेवटचा तास बसायला बोलावलं होतं. कात्री मागच्या रांगेत बसून हा पडण्याचा खेळ बघत होती. "वर वॉर्डात पडली तर मागे कोण असणार आहे?" तिनं शेजारच्या इन्चार्जला विचारलं. शेजारची झोपली होती. तिची सलग आठवी ड्युटी होती.

हसरे साहेब म्हणाले, "आणि लक्षात ठेवा, आपल्याकडे पेशंट येत नाहीत. पाहुणे येतात."

कात्रीनं हात वर केला. "साहेब, पाहुण्यांना एनिमा कुठल्या दिवशी शिकवणार?"

मुली हसल्या. साहेबही हसले, ते तर हसणारच होते. म्हणाले, "ते सगळं कौशल्यवहीत आहे, सिस्टर."

कौशल्यवही ही साहेबांची खरी कमाई. जाड पुठ्ठ्याची, रंगीत, आत चौऱ्याऐंशी कामांची यादी, प्रत्येकापुढे चौकट. काम शिकून झालं, शिकवणारीनं डोळ्यांनी पाहिलं, की चौकटीत सही. चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून आल्यावर माणसाचा जन्म मिळतो म्हणतात. इथे चौऱ्याऐंशी सह्यांत नर्स जन्माला येणार होती. वही मुळात वाईट नव्हती, हे कात्रीही मान्य करी. वाईट हे होतं की वही भरायला दिले होते सहा आठवडे, आणि शिकवायला दिलं होतं कुणीच नाही.

तिच्या वॉर्डात दोघी आल्या. एक विद्यापीठात पहिली आलेली, तिला तिनं सुवर्णपदक म्हणायला सुरुवात केली. दुसरी विचारल्याशिवाय बोलत नसे आणि विचारल्यावरही जेमतेम बोले. ती झाली मुकी.

पहिल्या सकाळी तिनं दोघींना ताप, नाडी, श्वास यांचा तक्ता भरायला दिला. अर्धा वॉर्ड हिला, अर्धा तिला. सुवर्णपदक वीस मिनिटांत परत आली. कात्रीनं तक्ता वरून खाली वाचला आणि तिला बेडपॅनच्या खोलीत नेलं. नळ सोडला.

"सोळा माणसांचे श्वास वीस मिनिटांत मोजलेस?"

"हो सिस्टर."

"सगळे अठरा."

"नॉर्मल रेंज बारा ते वीस आहे, सिस्टर."

"ते मला माहीत आहे. पण सोळाच्या सोळा जण अठरा? कवायत चालली आहे का? आणि चौदा नंबर तर सकाळी साडेसातला घरी गेला. तोही अठरा घेतोय. घरून घेतोय का?"

सुवर्णपदकाचे डोळे भरले. कात्रीला बुटांचं दुकान आठवलं. तिनं नळ बंद केला आणि जरा खालच्या पट्टीत म्हणाली, "तू एकटी नाहीस. हा सबंध दवाखाना अठराच्या तालावर श्वास घेतो. मेलेला माणूससुद्धा इथे मेल्यानंतरच्या एका तक्त्यावर अठराच घेत असतो. ताप मशीन सांगतं, नाडी मशीन सांगतं. श्वास तेवढा बसून मोजावा लागतो, म्हणून कुणी मोजत नाही. आणि शरीर बिघडायला लागलं की सगळ्यांत आधी तोच बदलतो. जा. खुर्ची घे. एकेकाजवळ एक मिनिट बस, त्याला कळू न देता मोज."

मुकी या सगळ्या वेळात चार पेशंटांपर्यंत पोचली होती. तिच्या तक्त्यावर होतं: सोळा, एकोणीस, चौदा, बावीस. कात्री तिच्यामागे उभी राहून म्हणाली, "या गतीनं तू सोळावा मोजशील तोवर पहिला म्हातारा होईल." मुकीनं मान वर केली नाही. तिचा एकोणिसावा सेकंद चालू होता, तो चुकला असता. कात्री एक पाऊल मागे सरली. तिला आपल्या बोलण्याकडे दुर्लक्ष करणारी माणसं आवडत नसत, पण या कारणासाठी कुणी दुर्लक्ष केलं नव्हतं.

सहा आठवडे होत आले. मूल्यांकन पथक येणार होतं, ते दवाखान्यांना तारे वाटत फिरतं, आणि या दवाखान्याला पाचवा तारा हवा होता. अकरा वह्या भरलेल्या हव्या होत्या. बाकीच्या वॉर्डांनी एका बैठकीत, एका पेनानं, चौऱ्याऐंशी गुणिले जेवढ्या मुली तेवढ्या सह्या ठोकून दिल्या. कात्रीकडच्या दोन वह्यांत सुवर्णपदकाच्या बावीस सह्या होत्या आणि मुकीच्या एकतीस.

हसरे साहेब स्वतः वर आले. वॉर्डात पाय ठेवायची त्यांची ती पहिली वेळ, त्यामुळे ते जिकडे ओलं होतं तिकडेच उभे राहिले.

"सिस्टर, तुमच्या वह्या मागे पडल्यात."

"मुली पुढे जातायत. वह्या येतील मागून."

"नुसत्या सह्या आहेत हो. विश्वास ठेवा मुलींवर."

"रक्त चढवताना काय बघायचं, ही सही आहे," तिनं पान उघडून बोट ठेवलं. "सहा आठवड्यांत माझ्या पाळीत रक्त चढलं दोनदा. दोन्ही वेळा या मुली दुसऱ्या वॉर्डात माणसं कमी म्हणून पळवल्या होत्या. तुम्हीच पाठवलं होतं पत्र, सहकार्य करा म्हणून. मी न पाहिलेल्यावर सही करू?"

साहेब हसले आणि खाली जाऊन मेट्रनशी बोलले.

मेट्रन कात्रीच्याच बॅचची. दोघींनी एका खोलीत तीन वर्षं काढली होती, एकीचा गणवेश दुसरीनं घातला होता. तिनं दार लावून घेतलं आणि म्हणाली, "अगं, सही म्हणजे काय किडनी मागतेय का कुणी तुझी?"

"तू करतेस?"

"मी केली असती. मला दवाखाना चालवायचाय."

"मग तूच कर. माझं नाव तिथं नको."

"इन्चार्जचीच लागते."

"मग इन्चार्ज बदल."

हे ती रागात बोलली होती. पण मोठ्या खुर्चीवरच्या माणसाशी बोलताना रागात पर्याय सुचवू नये, कारण तोच नेमका सोयीचा निघतो. सोमवारी कात्रीच्या हातात कागद आला. तिची नेमणूक लिनन रूममध्ये, चादरी, गाऊन आणि ऑपरेशनच्या वेळी अंगावर टाकायची कापडं यांची व्यवस्था बघायला. 'अनुभवाचा व्यापक उपयोग व्हावा म्हणून', असं त्यात लिहिलं होतं. तिसऱ्या मजल्यावर दुसरी इन्चार्ज आली, स्वभावानं गरीब, निवृत्तीला आठ महिने. तिनं दुपारपर्यंत दोन्ही वह्या पूर्ण केल्या. मंगळवारपासून सुवर्णपदक आणि मुकी तयार नर्स झाल्या आणि त्यांना प्रत्येकी अकरा पेशंट स्वतंत्र मिळाले.

लिनन रूम तळमजल्यावर, धोब्यांच्या यंत्रांना लागून. तिथे भिंती थरथरत आणि सगळ्याला साबणाचा वास. कात्री सकाळी आठला जाई, फाटक्या चादरी वेगळ्या करी, डाग न निघालेल्या परत पाठवी. काम तिला जमत होतं, याचाच तिला संताप येत होता. घरी नवऱ्यानं विचारलं, "कसं वाटतंय?" ती म्हणाली, "छान. चादरी उलट उत्तर देत नाहीत आणि त्यांना श्वास नसतो."

बाराव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला लिनन रूमचा फोन वाजला. पलीकडून काही वेळ कुणी बोललंच नाही, तेव्हाच तिला कळलं कोण आहे ते.

"बोल," ती म्हणाली.

"सिस्टर, एकवीस नंबर. शिंपी आहेत ते. आतड्याच्या ऑपरेशनचा चौथा दिवस." मुकी एका दमात इतकं बोलल्याचं कात्रीनं आधी ऐकलं नव्हतं. "श्वास अठ्ठावीस येतोय. सकाळी सात वाजता तक्त्यावर अठरा आहे. रात्री अठरा. काल दुपारी अठरा."

"तू किती वेळ मोजलास?"

"पूर्ण मिनिट. तीनदा. अठ्ठावीस, अठ्ठावीस, तीस."

"बाकी?"

"ताप नाही. ऑक्सिजन पंच्याण्णव. प्रेशर ठीक आहे. नाडी एकशे बारा. ते म्हणतात बरं आहे, फक्त झोप लागत नाही. पण बोलताना मध्येच थांबतात."

"डॉक्टर?"

"सांगितलं. ते म्हणाले ताप नाही, ऑक्सिजन आहे, दुखत असेल, गोळी द्या."

कात्रीच्या हातात उशीचा अभ्रा होता. तो तिनं घडी करून ठेवला. तिच्या मनात आलं की धावत तीन मजले चढावं, खाटेजवळ जावं, एका नजरेत काय ते बघावं. बारा दिवसांपूर्वी ती गेलीच असती. पण ती वर पोचली असती तर डॉक्टर तिचं ऐकणार होता, या मुलीचं नाही, आणि उद्या पुन्हा ही मुलगी फोनच लावत बसणार होती.

"मला कशाला विचारतेस? मी चादरींची बाई आहे. तुला काय वाटतं?"

मग मुकी म्हणाली, "आत काहीतरी फुटलंय."

"मग हेच डॉक्टरला सांग. 'वाटतं' म्हणू नकोस. आकडे सांग, आधीचे अठरा कुणी मोजलेले नाहीत हेही सांग. म्हण, तुम्ही येऊन बघेपर्यंत मी इथून हलणार नाही. तरी आला नाही तर मोठ्या सर्जनना फोन लाव. नंबर टेबलाच्या काचेखाली आहे."

"ते ओरडले तर?"

"ओरडतीलच. ओरडण्यानं श्वास कमी होत नाही कुणाचा. लाव फोन."

मुकीनं डॉक्टरला पुन्हा फोन केला. तो आला नाही. तिनं मोठ्या सर्जनना लावला. ते ओरडले, कारण ते एका ऑपरेशनच्या मध्ये होते, आणि पाऊण तासानं हात पुसत स्वतः वर आले. त्यांनी शिंप्याच्या पोटावर हात ठेवला आणि पुढे काही विचारलं नाही. आतड्याचा शिवलेला जोड सुटला होता. दीड वाजता शिंपी पुन्हा टेबलावर होता. आठ दिवस अतिदक्षता विभागात काढून तो वाचला, आणि घरी जाताना म्हणाला की टाके घालायच्या धंद्यात आपण पस्तीस वर्षं आहोत, पण कच्चा टाका इतक्या लवकर कुणी पकडलेला पाहिला नाही.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी. पण दवाखान्यात कुठलीही चांगली गोष्ट घडली की ती लगेच कुणाच्या तरी मालकीची होते. शिंपी घरी गेल्यावर चार दिवसांत तळमजल्यावरच्या फलकावर त्याचा आणि हसरे साहेबांचा फोटो लागला. मुकी फोटोच्या कडेला होती, अर्धी. खाली लिहिलं होतं, 'आमच्या ओरिएंटेशन कार्यक्रमाचं यश: मॉड्यूल चार, सजगता.' मॉड्यूल चारमध्ये काय होतं ते अकरा मुलींना विचारलं असतं तर अकराही जणींनी फुगे सांगितले असते. ज्यानं गोळी द्यायला सांगितली होती तो डॉक्टर 'टीमवर्क' या शब्दाखाली उभा होता.

मूल्यांकन पथकासमोर मुकीनं बोलायचं ठरलं. साहेबांनी भाषण लिहून दिलं, दीड पान. आदल्या दुपारी ती लिनन रूममध्ये आली. एका हातात भाषण, दुसऱ्या हातात कौशल्यवही.

"हे वाचावं लागेल," ती म्हणाली.

"वाच. नोकरी आहे."

"तुमचं नाव नाही यात."

"ते बरंय. त्या साहेबाच्या तोंडून माझं नाव आलं तर ते धुवायला टाकावं लागेल."

मुकी हसली नाही. तिनं वही टेबलावर उघडली. चौऱ्याऐंशी चौकटी, चौऱ्याऐंशी सह्या. "यातलं मला काय येतं आणि काय येत नाही, ते ठरवायचंय. तुम्ही विचारा, मी सांगते."

कात्रीनं खुर्ची ओढली. धोब्यांची यंत्रं बंद व्हायची वेळ होती, त्यामुळे ओरडावं लागलं नाही. दीड तास ती एकेका कामावर बोट ठेवून विचारत गेली आणि मुकी सांगत गेली, जे येत नव्हतं तिथे स्वतःच पेनानं रेघ मारत गेली. दोन ठिकाणी कात्रीला वाटलं की येतं, पण मुकी म्हणाली, नाही, पुस्तकातून येतं, हातातून नाही. शेवटी एकेचाळीस उरल्या. सहीसाठी भांडून जागा गमावलेल्या बाईला त्या त्रेचाळीस रेघा पाहून इतकं समाधान झालं, की ती उठली आणि घडी घातलेल्या चादरींची उगाचच पुन्हा घडी घालू लागली.

ती वही पथकाच्या हाती गेली नाही. साहेबांनी ती वेळेत पाहिली, 'खराब झाली' म्हणून बाजूला काढली आणि नवी कोरी वही त्या गरीब इन्चार्जकडून अर्ध्या तासात भरून घेतली. मुकीनं भाषण अडखळत वाचलं. पथकानं वह्यांचं कौतुक केलं, विशेषतः त्या किती स्वच्छ आहेत याचं. पाचवा तारा मिळाला. कात्रीनं त्या दिवशी रजा टाकली होती आणि घरी नवऱ्याच्या कोटाची बटणं शिवत बसली होती.

पंधरा दिवसांनी मेट्रन लिनन रूममध्ये आली. बसायला खुर्ची एकच, त्यामुळे ती चादरींच्या गठ्ठ्यावर बसली.

"परत ये वर," ती म्हणाली. "ती बिचारी इन्चार्ज रोज माझ्यापुढे रडते."

"नव्या मुलींना पहिले सहा आठवडे स्वतःचे पेशंट द्यायचे नाहीत. जुनीच्या जोडीनं फिरतील. मग येते."

"सहा आठवडे? अगं, माणसं कुठून आणू?"

"तो तुझा साहेब आणलास तिथून."

"तीन आठवडे."

"पाच."

"चार, आणि यापुढे त्याच्या सभागृहात जाऊन एनिमा विचारायचा नाही."

कात्रीनं विचार केला. "चार. लेखी दे."

लेखी मिळाले चार, प्रत्यक्षात कुठे तीन आठवडे पाळले गेले, कुठे साडेतीन. वह्या अजूनही बाकी वॉर्डांत एका बैठकीत भरतात. सुवर्णपदक वर्षभरानं हसरे साहेबांच्या हाताखाली गेली, आता स्लाइड ती बनवते, आणि श्वास मोजण्यावर एक स्लाइड तिनं मागून घातली आहे, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. मुकी दोन वर्षांनी मोठ्या दवाखान्यात निघून गेली. जाताना निरोपसमारंभाला ती काही बोलली नाही, ते सगळ्यांना अपेक्षितच होतं.

बुटांच्या दुकानात कात्री एकदा मुद्दाम गेली होती. तिनं त्या मुलीला सरळ सांगितलं, "माझ्या वॉर्डात जागा आहे. आणि मी तुला तेव्हा जे बोलले ते चुकीचं होतं." मुलगी खोक्याचं झाकण लावत म्हणाली, "सिस्टर, मी इथे बरी आहे." कात्रीनं मान हलवली. सगळ्याच गोष्टी शिवून मिळत नाहीत.

निवृत्तीच्या दिवशी हसरे साहेबांनी तिच्यावर सहा मिनिटं भाषण केलं आणि तिची सेवा तेवीस वर्षांची सांगितली. तिनं दुरुस्त केलं नाही. फुलांचा गुच्छ खुर्चीवर ठेवून ती मधूनच उठली, कारण तिसऱ्या मजल्यावर दुपारची ओव्हर सुरू व्हायची होती आणि नऊ नंबरच्या जखमेबद्दल नव्या मुलीला सांगायचं राहिलं होतं.